डोंगरात वाट विचारताना इंग्रजीत सहज कसे बोलावे?

खानापूरचा वाटसरू

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. गेली पंधरा-सोळा वर्षे रविवार मोकळा मिळाला की आम्ही चार-पाच जण कणकुंबी, चोर्ला या भागातल्या पठारांवर किंवा सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात महिपालगड, पारगड अशा ठिकाणी पायी हिंडत असतो. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि नोकरी पतसंस्थेत झाली. इंग्रजी वाचता येते, अर्ज आणि उत्तरे लिहिता येतात. परंतु डोंगरात उभे राहून एखाद्याला इंग्रजीत वाट विचारायची किंवा सांगायची वेळ आली की माझे बोलणे एकदम सरकारी पत्रासारखे होते.

प्रश्न पडण्याचे कारण असे. गेल्या डिसेंबरात कणकुंबीच्या पुढच्या पठारावर दोन परदेशी पाहुणे भेटले. त्यांच्यातल्या एकाने विचारले, ‘डज धिस पाथ कम आउट ॲट द रोड?’ वाट ‘बाहेर येते’ म्हणजे नेमके काय, याचा विचार करण्यात माझे दोन क्षण गेले, आणि मग मी ‘येस, धिस इज गोइंग टू रोड’ असे उत्तर दिले. ते त्यांना कळले. त्यानंतर मी सौजन्य म्हणून ‘फ्रॉम व्हिच साइड यू आर कमिंग?’ असे विचारले, तेव्हा मात्र ते दोघे डोंगराच्या दोन्ही उतारांकडे आळीपाळीने पाहू लागले. मला फक्त ‘तुम्ही कुठून आलात’ एवढेच विचारायचे होते.

आता मे महिन्यात मँचेस्टरला मुलीकडे जायचे आहे. तिने उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये कॅटबेल्स हा ४५१ मीटर उंचीचा डोंगर ठरवून ठेवला आहे, आणि माझे गुडघे चांगले राहिले तर ९५० मीटरचा हेल्वेलिनसुद्धा. ‘बाबा, वाट मी विचारीन, तुम्ही फक्त चाला,’ असे तिचे म्हणणे आहे, ते मला मान्य नाही. म्हणून पाच वाक्ये तयार केली आहेत. ती कृपया तपासून द्यावीत.

पहिले, ‘प्लीज टेल मी व्हेअर इज द रूट टू समिट.’ दुसरे, ‘धिस वे इज गोइंग टू टॉप?’ तिसरे, ‘हाऊ मच टाइम इट विल टेक टू रीच?’ चौथे, ‘वी हॅव लॉस्ट अवर वे, काइंडली गाइड अस.’ आणि पाचवे, ‘फ्रॉम व्हिच साइड वी शुड गो?’

व्याकरणाची चूक असेल तर ती सांगाच. पण माझा खरा प्रश्न असा आहे की तिथला माणूस हेच कसे विचारील?


टिळकवाडीच्या बाई

वाटसरू, मी बेळगावात तीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्यामुळे तुमच्या पाच वाक्यांपैकी निदान तीन माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याने लिहिली असतील असे वाटून थोडी अपराधी वाटले. आम्ही मुलांना अर्ज लिहायला शिकवले, वाट विचारायला शिकवलेच नाही.

तुमच्या पहिल्या वाक्यात शब्दक्रमाची अडचण आहे. मराठीत ‘वाट कुठे आहे?’ हा प्रश्न ‘वाट कुठे आहे ते सांगा’ या वाक्यात जसाच्या तसा बसतो, त्याला काहीही हलवावे लागत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा प्रश्नार्थक क्रम जातो आणि साध्या विधानाचा क्रम येतो; म्हणजे ‘टेल मी व्हेअर इज द पाथ’ न होता ‘टेल मी व्हेअर द पाथ इज’ होते. पण एवढी दुरुस्ती केली तरी वाक्य सहज होत नाही, कारण ‘प्लीज टेल मी’ हा ‘प्लीज’ लावलेला हुकूमच आहे. तिकडे अनोळखी माणसाला बहुधा ‘कुड यू टेल मी’ असे विचारतात, किंवा डोंगरात तेही टाळून सरळ मुद्द्यावर येतात: ‘एक्सक्यूज मी, इज धिस द वे अप टू द समिट?’ यात एक लहानसा ‘अप’ आहे. आपण ‘वर गडावर जायची वाट’ म्हणतो त्यातला हा ‘वर’. समिटच्या आधीचा ‘द’ विसरू नका.

दुसऱ्या वाक्यात वाट ‘गोइंग’ आहे. हे आपण इंग्रजी बोलताना सर्रास करतो आणि मला त्याचे नेहमी नवल वाटते, कारण मराठीत आपण ‘ही वाट कुठे जात आहे?’ असे विचारत नाही. ‘ही वाट कुठे जाते?’ असेच विचारतो. वाट रोजच तिकडे जाते, आत्ता निघालेली नाही. इंग्रजीतही नेमका तोच साधा वर्तमानकाळ हवा: ‘व्हेअर डज धिस पाथ गो?’ किंवा ‘डज धिस पाथ गो ऑल द वे अप?’ शेवटच्या ‘ऑल द वे’चा अर्थ ‘थेट माथ्यापर्यंत’. अर्ध्यावर एखाद्या मेंढवाड्याशी संपणाऱ्या वाटा तिकडेही असतात, त्यामुळे हे तीन शब्द उपयोगी पडतात.

तुम्ही ज्या प्रश्नाने गोंधळलात, तो तर आपल्याच बोलीतला आहे. आपल्याकडे गुराख्याला काय विचारतात? ‘ही वाट कुठं निघते वो?’ हे निघणे म्हणजेच त्यांचे ‘कम आउट’. झाडीतून, खिंडीतून, शेतांमधून गेलेली वाट जिथे उघड्यावर येते किंवा रस्त्याला लागते, त्या जागेसाठी दोन्ही भाषांनी जवळजवळ एकच क्रियापद निवडले आहे. वाट फुटते, त्याला ‘द पाथ फोर्क्स’ म्हणतात. वाट रस्त्याला मिळते, तिथे ‘द पाथ जॉइन्स द रोड’ चालते. गवतात वाट हळूहळू विरून जाते, त्यासाठी ‘इट पीटर्स आउट’ असा सुंदर प्रयोग आहे. मळलेली वाट म्हणजे ‘अ वेल-वॉर्न पाथ’. माझा अनुभव असा की डोंगरात हिंडणाऱ्या माणसाला योग्य प्रश्न आधीच ठाऊक असतो. घोटाळा होतो तो इंग्रजी बोलायचे म्हटल्याबरोबर तो डोंगरातून उठून कचेरीत जाऊन बसतो म्हणून.

आणखी एक साम्य सांगते. ‘इकडून खाली उतरता येतं का?’ या वाक्यात कोणी उतरायचे ते आपण सांगत नाही. इंग्रजीत हे कर्त्याविना म्हणता येत नाही म्हणून तिथे ‘यू’ येतो: ‘कॅन यू गेट डाउन धिस वे?’ हा ‘यू’ समोरच्या माणसासाठी नाही. तो ‘कोणालाही’ या अर्थाचा आहे. तुम्हाला कोणी हा प्रश्न विचारला तर ‘येस, आय कॅन’ असे उत्तर देऊ नका. ‘यू कॅन, बट इट्स स्टीप’ असे काहीतरी म्हणा. तसेच ‘धिस वे’च्या मागे ‘फ्रॉम’ किंवा ‘बाय’ लावायचा मोह होतो, कारण आपल्या ‘इकडून’ला प्रत्यय आहे. तो लावू नका. ‘वी केम धिस वे’ एवढेच पुरे.

तिसऱ्यात ‘हाऊ मच टाइम’ चूक नाही, पण प्रवासाचा वेळ विचारताना ‘हाऊ लॉन्ग’ अधिक सहज आहे, आणि ‘रीच’ला कर्म लागते, ते तसे अधांतरी सोडता येत नाही. ‘पोचायला किती वेळ लागेल?’ यातला ‘पोचायला’ एकटा उभा राहतो, ‘रीच’ राहत नाही. बोलण्यात ‘गेट टू’ वापरा: ‘हाऊ लॉन्ग डज इट टेक टू गेट टू द टॉप फ्रॉम हिअर?’ दमला असाल तर ‘इज इट मच फर्दर?’ एवढे तीन-चार शब्द पुरतात, आणि त्या प्रश्नात दम लागल्याची कबुलीही आपोआप येते.

चौथे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, तरी मला तेच सर्वांत जास्त खटकले. ‘काइंडली’ हा शब्द इतका कागदी आहे की त्याच्यामागे खाली सही असावीशी वाटते. शिवाय ‘वी हॅव लॉस्ट अवर वे’ ऐकून माणूस घाबरेल. तो तुम्हाला पाणी देईल आणि बसायला सांगेल. वळण चुकले असेल तर तेवढेच म्हणावे: ‘आय थिंक वी हॅव मिस्ड अ टर्निंग.’ खरोखर कुठे आहोत हे कळत नसेल तर ‘वी आर अ बिट लॉस्ट. कुड यू शो अस व्हेअर वी आर ऑन द मॅप?’

पाचव्यातल्या ‘साइड’ने काय घोटाळा झाला, तो तुम्ही पाहिलाच आहे. आपली ‘बाजू’ दिशा सुद्धा दाखवते; डोंगरात त्यांची ‘साइड’ म्हणजे उतार किंवा अंग. म्हणून ‘व्हिच वे शुड वी गो?’ आणि त्या पाहुण्यांसाठी, ‘व्हिच वे डिड यू कम?’


परत हिंडलग्यात

बाईंनी वाक्ये दुरुस्त केली, मी उत्तरांविषयी लिहितो. नोकरीनिमित्त मी लीड्सला नऊ वर्षे होतो आणि दर महिन्यातून एक-दोनदा त्या डोंगरांत जात असे. माझा अनुभव असा की प्रश्न विचारणे अवघड नाही, मिळालेले उत्तर समजणे अवघड आहे. आणि पाच वाक्ये पाठ करून गेलेला माणूस सहाव्या वाक्यात, म्हणजे समोरच्याच्या उत्तरात, अडकतो.

पहिला धक्का मला ‘टू’ या शब्दाने दिला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना धबधब्याची वाट विचारली, तर ते म्हणाले, ‘ओ, यू हॅव कम टू फार.’ आपल्याकडे ‘टू गुड’ म्हणजे फारच छान, त्यामुळे ‘तुम्ही फार लांबून आलात’ असे काहीतरी ते कौतुकाने म्हणत आहेत असे समजून मी अभिमानाने ‘येस, फ्रॉम इंडिया’ असे उत्तर दिले. त्यांना म्हणायचे होते की तुम्ही धबधबा मागे सोडून पुढे आला आहात. हा प्रसंग माझी बायको अजूनही पाहुण्यांना सांगते.

दुसरा शब्द ‘बेअर’. ‘बेअर लेफ्ट ॲट द वॉल’ म्हणजे भिंतीपाशी डावीकडे झुकत जा, एकदम काटकोनात वळू नका. भीमगडच्या जंगलाशेजारी वाढलेल्या माणसाला डोंगरात ‘बेअर’ आणि ‘लेफ्ट’ हे दोन शब्द एकामागोमाग ऐकू आले तर त्याचे मन व्याकरणाकडे राहील का, हे तुम्हीच सांगा. तिकडच्या डोंगरांत अस्वले नाहीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

दगडी भिंती हा तिथल्या दिशा सांगण्याचा मोठा आधार आहे. मैलोनमैल गेलेल्या, चुन्याशिवाय रचलेल्या या भिंतींमुळे ‘कीप द वॉल ऑन युअर राइट’ हे वाक्य तुम्हाला दिवसातून दोनदा ऐकू येईल. म्हणजे भिंत उजव्या हाताला ठेवून चालत राहा. ओढ्याबाबतही तसेच, मात्र तिथे ओढ्याला ‘स्ट्रीम’ न म्हणता ‘बेक’ म्हणतील. डोंगराला ‘फेल’, डोंगरातल्या लहान तळ्याला ‘टार्न’, घळीला ‘गिल’. हे चारही शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आले आहेत, आणि शहरात इंग्रजी शिकलेल्या माणसाला त्यांतला एकही ठाऊक नसतो. ‘केर्न’ म्हणजे वाटेची खूण म्हणून रचलेली दगडांची रास. आपल्याकडेही पठारावर गुराखी असे दगड एकावर एक ठेवतात. ‘स्टाइल’ म्हणजे भिंत किंवा कुंपण ओलांडायला केलेल्या पायऱ्या. ‘क्रॉस द स्टाइल अँड गो स्ट्रेट ऑन’ असे कोणी म्हटले तर त्याचा कपड्यांशी काही संबंध नाही.

तुम्ही ‘ट्रेक’ हा शब्द वापरला नाहीत, ते बरे केले. एका दिवसाच्या चालण्याला तिकडे ‘वॉक’ म्हणतात, मग ते सात तासांचे का असेना. ‘ट्रेक’ म्हटले की त्यांना हिमालयातले दहा-बारा दिवस आठवतात. ‘रॉक पॅच’ हा आपल्या भटक्यांचा लाडका शब्दही तिथे कळणार नाही. हातांचा आधार घेऊन चढावे लागते, त्याला ‘स्क्रॅम्बल’ म्हणतात. हेल्वेलिनला जाताना हे विचाराच, कारण स्ट्रायडिंग एज नावाच्या धारेवरून जाणारी वाट अरुंद आहे आणि दुसरीकडून सोपी वाट असताना चुकून तिथे जाऊ नये: ‘इज देअर एनी स्क्रॅम्बलिंग ऑन धिस पाथ?’ आणि वरून उतरणारे कोणी दिसले की ‘व्हॉट्स द पाथ लाइक फर्दर अप?’ हा फार उपयोगी प्रश्न आहे. ‘वर वाट कशी आहे?’ एवढाच त्याचा अर्थ. पण उत्तरात चिखल, वारा, धुके, गर्दी सगळे मिळते.

‘रूट’विषयी बाई काही बोलल्या नाहीत, म्हणून सांगतो. तो शब्द चुकीचा नाही, फक्त तो पायाखालच्या वाटेचा नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा जो आखलेला मार्ग असतो, तो ‘रूट’. म्हणून ‘व्हिच रूट आर यू टेकिंग?’ हे अगदी सहज आहे, ‘व्हेअर इज द रूट?’ नाही. पायाखाली असते ती ‘पाथ’. ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद असेल तर ‘ट्रॅक’. आपल्याला एका ‘वाट’ शब्दात सगळे भागवायची सवय आहे. तिथे कुठली वाट हे आधी ठरवावे लागते.

आणि प्रश्नाच्या आधी ‘मॉर्निंग’ म्हणा. तिथे डोंगरात समोरासमोर आलेली माणसे एकमेकांना अभिवादन करतात. गावात तीच माणसे तोंड फिरवून जातील, पण वाटेवर करणार नाहीत. ‘सर’ म्हणू नका, ते अवघडतात.


जांबोटीचा

वरचे सगळे वाचले, छान आहे. एक गोष्ट राहिली, ती भाषेची नाही पण तिच्याशिवाय भाषा उपयोगाची नाही.

‘ही वाट धबधब्याला जाते का?’ असा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारू नये. आमच्या भागात बाहेरून आलेले लोक वज्रपोह्याकडे किंवा आणखी कुठे जाताना हेच विचारतात, आणि समोरचा माणूस भिडेखातर ‘हो, हो’ म्हणतो. पाहुण्याला नाही कसे म्हणायचे? शिवाय शेवटी कुठून तरी फिरून ती वाट तिकडे जातेच, त्यामुळे तो खोटेही बोलत नसतो. त्यापेक्षा ‘ही वाट कुठे जाते?’ असे मोकळे विचारावे आणि त्याने आपण होऊन त्या ठिकाणाचे नाव घेतले तरच पुढे जावे. दोन वाटा असतील तर दोन्हींकडे हात दाखवून ‘धबधब्याची कोणती?’ असे विचारावे. इंग्रजीत ‘व्हिच वन गोज टू द वॉटरफॉल?’ असे होईल असे मला वाटते, बाईंनी बघावे.

अंतराचेही तेच. आमच्याकडे ‘हाकेच्या अंतरावर’ म्हटलेले ठिकाण तासाभराचे असू शकते, कारण सांगणारा रोज तिथे गुरे घेऊन जातो. म्हणून किती लांब हे न विचारता ‘तुम्हाला किती वेळ लागतो?’ असे विचारतो आणि त्याची दुप्पट धरतो.

बेळगावच्या बाजूला एखादा माणूस मराठी किंवा इंग्रजी बोलत नसेल, तर कन्नडमध्ये ‘ई दारी एल्लिगे होगतैत्री?’ एवढे यावे. बाईंनी वर काळाविषयी लिहिले तेच इथेही आहे, ‘ही वाट कुठे जाते’ असाच त्याचा अर्थ. तीन भाषांमध्ये वाट नुसती जाते. आपल्या इंग्रजीतच ती ‘गोइंग’ असते.

एक सूचना. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि गावकऱ्याला वाट विचारून ती मिळत नाही.


निपाणीहून

माझा भाऊ अमेरिकेत कोलोरॅडोत असतो, तेव्हा थोडी भर घालते. तिकडे ‘पाथ’ऐवजी ‘ट्रेल’ आणि ‘वॉक’ऐवजी ‘हाइक’. वाट जिथून सुरू होते, जिथे गाड्या लावतात आणि फलक असतो, त्या जागेला ‘ट्रेलहेड’ म्हणतात, त्यामुळे ‘इज धिस द ट्रेलहेड फॉर...’ असा प्रश्न फार ऐकू येतो. नागमोडी चढणीला ‘स्विचबॅक’. चुकलेल्या वळणाला बाई ‘टर्निंग’ म्हणाल्या, तिथे नुसते ‘टर्न’ म्हणतात. वाटेने जाऊन त्याच वाटेने परत येणे म्हणजे ‘आउट अँड बॅक’, आणि फेरा घालून मूळ जागी येणे म्हणजे ‘लूप’. हे आधी विचारून घेतलेले बरे, कारण लूप असेल तर परतीची खूण लक्षात ठेवण्यात अर्थ नाही.

‘रूट’चा उच्चार काही लोक ‘राउट’ असा करतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो वेगळाच शब्द वाटला होता.


खानापूरचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. ‘निघणे’ आणि ‘कम आउट’ यांची जोडी वाचून मी खरोखर हसलो. ज्या प्रश्नाने मला दोन क्षण अडवले, तो मी स्वतः शेकडो वेळा मराठीत विचारला आहे.

दोन शंका अजून आहेत. ‘हाऊ फार’ आणि ‘हाऊ लॉन्ग’ यांपैकी कोणता आधी विचारावा? आणि उत्तर मैलांत आले तर त्याचा वेळाशी मेळ कसा घालावा? जांबोटीकरांचे दुप्पट धरण्याचे गणित मला पटते, पण ते मुलीला पटणार नाही.

तसेच आता सुधारलेली वाक्ये एका संवादासारखी मांडली आहेत, ती एकदा पाहावीत: ‘मॉर्निंग! डू यू नो व्हेअर डज धिस पाथ कम आउट? वी आर ट्राइंग टू गेट टू कॅटबेल्स, बट आय थिंक वी मिस्ड अ टर्निंग बॅक देअर. शुड वी गो बॅक टू द फोर्क, ऑर कॅन यू गेट अप धिस वे? अँड हाऊ लॉन्ग डज इट टेक टू रीच टू द टॉप?’


परत हिंडलग्यात

मैलांचे गणित सोपे आहे आणि मुलीला पटेल असेही आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो तिकडे अजूनही वापरतात: नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. म्हणजे सुमारे ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास. कॅटबेल्सला २ मैल राहिले आणि त्यात १००० फूट चढ आहे असे कळले, तर चाळीस मिनिटे अधिक तीस मिनिटे, म्हणजे सत्तर मिनिटे. यात विश्रांती, छायाचित्रे आणि गुडघे धरलेले नाहीत, त्यामुळे जांबोटीकरांचे दुप्पट तसे फार दूर नाही.

आधी ‘हाऊ फार’ विचारावे असे मला वाटते, कारण अंतर सगळ्यांसाठी सारखे असते. ‘हाऊ लॉन्ग’चे उत्तर कोण देत आहे यावर ते अवलंबून आहे, तिथे सत्तरीतल्या बाया माझ्या पुढून कुत्र्याला घेऊन झपझप निघून जात असत. मुक्कामाच्या गावात फलकांवर अंतर मैलांतच लिहिलेले असते. नकाशावरचे चौकोन मात्र किलोमीटरचे असतात, तेवढे लक्षात ठेवा.


टिळकवाडीच्या बाई

वाटसरू, तुमचा संवाद वाचून आनंद झाला. ‘बॅक देअर’ तर मी सुचवलेलेही नव्हते आणि ते अगदी नेमके बसले आहे. ‘मागे तिथे कुठेतरी’ हा आपला सूर त्यात आहे. ‘कॅन यू गेट अप धिस वे’ हेही उत्तम. ‘मिस्ड’च्या आधी ‘हॅव’ नाही म्हणून तुम्ही विचारलेत तर सांगते, ‘बॅक देअर’ आल्यावर साधा भूतकाळच बरा. जांबोटीकरांचे ‘व्हिच वन गोज टू द वॉटरफॉल?’ बरोबर आहे, त्यात काही बघण्यासारखे राहिले नाही.

दोन जागा दुरुस्त करा. पहिल्याच प्रश्नात ‘डू यू नो’च्या पोटात प्रश्न गेला आहे, त्यामुळे ‘डज’ काढून ‘व्हेअर धिस पाथ कम्स आउट’ असे करा. ‘डज’ गेला की त्याचा ‘स’ क्रियापदाला येऊन चिकटतो. आणि शेवटच्या वाक्यात ‘रीच’ परत आला आहे, येताना सोबत ‘टू’ घेऊन. ‘माथ्याला पोचणे’ यातला ‘ला’ तुम्हाला सोडवत नाही असे दिसते. ‘रीच द टॉप’ किंवा ‘गेट टू द टॉप’, दोहोंपैकी एक.